आटपाट नगराची कुळकथा

परभणी जिल्ह्याने राज्यं पुष्कळ पाहिली. देवगिरीचे यादव, बहमनी, वऱ्हाडची इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, मोगल. शेवटी हैदराबादचा निजाम, तोही १७ सप्टेंबर १९४८ ला संपला. जिल्ह्यातल्या पाथरीपायी तर दोन शाह्या एकमेकींशी लढल्या. इतिहासकार फेरिश्ता लिहितो की, निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. बुऱ्हाण निजामशहाला ते गाव हवं होतं. बदल्यात दुसरा परगणा घ्या म्हणून त्याने इमादशहाला विनवून पाहिलं, तो बधला नाही, आणि १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी लढून घेतली. १६३६ मध्ये खुद्द निजामशाहीच बुडाली. आज यातल्या एकाचंही नाव पाथरीच्या आजीबाईला सांगता यायचं नाही. आटपाट नगराचा राजा मात्र तिला पाठ असतो, आणि त्या राजाला तर नावच नाही.

आटपाट नगर हे श्रावणातल्या कहाण्यांचं राज्य. त्याचं कूळ शोधायचं तर व्रतांकडे जावं लागतं. तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या व्रतखंडात तिथीवारांची शेकडो व्रतं आहेत, विधी आहेत, पुराणांचे दाखले आहेत. तिथल्या कथेत कृष्ण युधिष्ठिराला सांगतो, शंकर पार्वतीला सांगतो. माणसांना नावं, नगरांनाही नावं. मराठी कहाणीने व्रत ठेवलं आणि बाकीचा डोलारा उतरवला. ऋषी गेले, श्लोक गेले, नगरांची नावं गेली. उरलं आटपाट नगर, एक राजा, एक दरिद्री ब्राह्मण आणि एक नावडती.

हे राज्य नीट पाहिलं की मजा वाटते. सैन्य नाही, किल्ला नाही, शत्रू नाही. राजवाड्यातली नावडती सून गुरांच्या बेड्यात राहते आणि उष्टंमाष्टं खाते. खुलभर दुधाच्या कहाणीत राजा महादेवाचा गाभारा भरायला गावातलं सगळं दूध मागवतो. वासरं-पोरं उपाशी राहतात आणि गाभारा काही भरत नाही. मग एक म्हातारी घरच्यांना पोटभर देऊन उरलेलं खुलभर दूध आणते आणि तो भरतो. प्रत्येक घरात निघणारं दूध ज्याच्या हुकमाच्या टप्प्यात आहे, असा राजा म्हणजे आपल्या गावचाच पाटील, फक्त मुकुट घातलेला. राजाचं चुकलं हे म्हातारीकडून सिद्ध करून घेणारं राज्यशास्त्र मला तरी हेमाद्रीच्या विधींपेक्षा मोलाचं वाटतं.

पण या राज्याचा खरा खजिना कुठे आहे, ते रविवारच्या आदित्य राणूबाईच्या कहाणीत कळतं. ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाला दिलेली, दुसरी प्रधानाला. बाप राणीकडे जातो, माझी कहाणी ऐक म्हणतो. राजा पारधीला निघालाय, मला वेळ नाही, असं ती म्हणते. बाप प्रधानाच्या घरी जातो, तिथली लेक ऐकते. झालं! राजाचं राज्य जातं, घरात अठराविश्वे दारिद्र्य येतं. मुलांना मावशीकडे पाठवलं, तिने कोहळ्यात, काठीत, नारळात मोहरा भरून दिल्या, तरी त्या वाटेतच जातात. पुढे राणी व्रत धरते, दिवस पालटतात, राजा तिला न्यायला येतो. परतीच्या वाटेवर तीच राणी हातात सहा मोती घेऊन कुणी उपाशी माणूस आपली कहाणी ऐकेल का, म्हणून शोधत राहते. मोळीविक्या ऐकतो, माळी ऐकतो, मुलं गमावलेली म्हातारी ऐकते. तीन मोती सांगणारीचे, तीन ऐकणाऱ्याचे.

लढाई न होता, केवळ ‘वेळ नाही’ म्हटल्यामुळे बुडालेलं असं दुसरं राज्य माझ्या वाचनात नाही.

आटपाट नगराची उतरती कळाही त्याच वाटेने लागली. राजे-महाराजे गेले म्हणून काही ते ओस पडलं नाही. त्याचा राजा नव्हताच कधी दिल्ली-हैदराबादच्या दरबारातला. आधी कहाणी छापील पुस्तकात बसली. तिचे शब्द ठरून गेले, आणि घरोघर थोडी थोडी वेगळी होणारी गोष्ट वाचून उरकण्याची झाली. जिवतीचा कागद भिंतीवर अजून लागतो. त्यावर नरसिंह, कालियामर्दन, जिवती, हत्ती-वाघावरचे बुध-बृहस्पती असतात. चित्राला हळदकुंकू लागतं, गोष्ट मात्र राहून जाते. हे राज्य सगळ्यांना सारखं कधीच खुलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. श्रावण म्हणजे आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या खुरपणीचे दिवस. रोजाने गेलेल्या बाईला दुपारची कहाणी कुठून मिळणार?

नाव मात्र टिकलं. वर्तमानपत्रांतल्या विनोदी लेखकांना मंत्र्यांची फजिती सांगायला आटपाट नगर अजून लागतं. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी आपल्या निर्मितिसंस्थेचं नाव ‘आटपाट’ ठेवलं, आणि २०१६ चा ‘सैराट’ चित्रपट त्याच नावाखाली आला. त्यातल्या प्रेमाला मारायला निघालेला पुढारी पाहिला की नगर तेच आहे हे कळतं. नावडतीच्या जागी कोण आलं, तेही कळतं.

परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलूकडच्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. श्रावणात किंवा महालक्ष्म्यांच्या दिवसांत पुस्तक बाजूला ठेवा आणि घरातल्या, शेजारच्या, शेतावरच्याही वयस्क बाईला तिची कहाणी तिच्या बोलीत सांगायला लावा. ती अडखळली, मधले दुवे विसरली, दुसऱ्याच वाराची गोष्ट मिसळली, तरी टोकू नका. फोनवर टिपून ठेवा, पण आधी शेवटपर्यंत ऐका.