परिचारिकाप्रणीत हृदयरुग्ण शिक्षण

हृदयविकार असलेल्या व्यक्तीला व तिच्या कुटुंबीयांना आजार, औषधे आणि घरी घ्यावयाची काळजी यांविषयी प्रशिक्षित परिचारिकेने पद्धतशीरपणे दिलेली माहिती व करून घेतलेला सराव म्हणजे परिचारिकाप्रणीत हृदयरुग्ण शिक्षण होय. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास शस्त्रक्रियेनंतरचा काळ, झडपांचे आजार आणि विशेषतः दीर्घकालीन हृदय अकार्यक्षमता या अवस्थांमध्ये अशा शिक्षणाचा उपयोग केला जातो. हृदय अकार्यक्षमतेला व्यवहारात सर्रास ‘हार्ट फेल्युअर’ म्हटले जाते. या आजारात हृदय बंद पडत नाही. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची क्षमता कमी होते. नावामुळे होणारा हा गैरसमज दूर करणे हाच अनेकदा शिक्षणाचा पहिला धडा असतो.

उपचाराचे निदान व औषधयोजना डॉक्टर ठरवतात. परंतु ती योजना रुग्णाच्या घरात, स्वयंपाकघरात आणि रोजच्या दिनक्रमात उतरली नाही, तर तिचा परिणाम मर्यादित राहतो. या दोहोंमधील अंतर भरून काढणे हे या शिक्षणाचे कार्य आहे. ही जबाबदारी स्त्री परिचारिकांप्रमाणेच पुरुष परिचारकही पार पाडतात.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर पडून ठेवण्याची प्रथा होती. अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हाइन व बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला आणि ही प्रथा हळूहळू मागे पडली. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग सुरू झाले. फिलाडेल्फिया येथे लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनेओ यांच्या कार्यातून परिचारिकांना ईसीजी वाचण्याचे व जीवघेण्या अनियमित ठोक्यांवर तत्काळ उपाय करण्याचे शिक्षण मिळू लागले. तोवर डॉक्टरांच्या आदेशाची वाट पाहणारी परिचारिका येथे स्वतः निर्णय घेऊ लागली. पुढे रुग्णशिक्षणाची जबाबदारी तिच्याकडे येण्यामागे हा बदल महत्त्वाचा ठरला.

दुसरा बदल रुग्णालयातील मुक्कामाचा. पूर्वी आठवड्यांत मोजला जाणारा मुक्काम काही दिवसांवर आला, तेव्हा खाटेशेजारी बसून सावकाश समजावण्याचा अवधीही संपला. त्यामुळे शिक्षणाचे केंद्र वॉर्डातून बाह्यरुग्ण विभागात, रुग्णाच्या घरी आणि दूरध्वनीवर सरकले. स्वीडन, नेदरलँड्स व ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात परिचारिकांनी चालवलेली हृदय अकार्यक्षमता चिकित्सालये पसरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने १९९८ मध्ये रुग्णशिक्षणाविषयी अहवाल प्रसिद्ध करून त्याला उपचाराचाच भाग मानले.

सैद्धांतिक बाजूने डोरोथिया ओरेम यांची स्वयंकाळजीची संकल्पना या क्षेत्राच्या मुळाशी आहे. बार्बरा रीगल आणि व्हिक्टोरिया डिक्सन यांनी २००८ मध्ये हृदय अकार्यक्षमतेपुरता तिचा स्वतंत्र विस्तार केला. त्यांच्या मांडणीत प्रकृती स्थिर ठेवणारे नेहमीचे वर्तन आणि लक्षण दिसल्यावर करावयाची कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळ्या नियमित घेणारा रुग्णही पायावरची सूज ओळखण्यात चुकू शकतो; त्यामुळे हा भेद व्यवहारातही उपयोगी आहे.

शिक्षणाचा आशय

हृदय अकार्यक्षमतेच्या रुग्णाला शिकवण्याची सर्वांत साधी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोजचे वजन. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर, काहीही खाण्यापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करून ते वहीत लिहावयाचे असते. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा अधिक वाढ झाल्यास ती चरबीची नसून शरीरात साठलेल्या पाण्याची असण्याची शक्यता मोठी असते. दम लागण्याच्या कित्येक दिवस आधीही हे पाणी साठू लागलेले असू शकते. म्हणून वजनाचा काटा हा रुग्णाच्या हातातील एक स्वस्त इशारा ठरतो. संध्याकाळी चप्पल घट्ट होणे, मोज्याचा वण खोल उमटणे, झोपताना एका उशीऐवजी दोन-तीन उशा लागणे, मध्यरात्री धाप लागून उठून बसावे लागणे ही इतर लक्षणे परिचारिका रुग्णाच्याच शब्दांत त्याला ओळखायला शिकवते. ‘श्वसनास त्रास झाल्यास संपर्क साधावा’ हे छापील वाक्य वाचून रुग्णाला जे समजत नाही, ते उशांच्या उदाहरणाने समजते.

शरीरातील जादा पाणी बाहेर टाकणारे औषध रुग्णांमध्ये ‘लघवीची गोळी’ म्हणून ओळखले जाते. प्रवास, लग्नसमारंभ किंवा उपवास असला की ही गोळी हमखास टाळली जाते. गोळी बंद न करता तिची वेळ कशी बदलता येईल हे विचारण्याची सवय लावणे, हा शिक्षणाचा भाग आहे. काही केंद्रांत डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत वजनानुसार या गोळीची मात्रा बदलण्यासही रुग्णाला शिकवले जाते. वेदनाशामक गोळ्यांचा मुद्दाही येथेच येतो. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात आणि स्थिर असलेला आजार बिघडवू शकतात.

अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाला रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या दोन औषधांचे महत्त्व समजावले जाते. झटक्यानंतर ही दोन्ही औषधे सामान्यतः वर्षभर चालू ठेवतात. दात काढण्यासाठी किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून ती स्वतःहून बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. छातीत दुखू लागल्यास काम थांबवून बसावे, डॉक्टरांनी दिलेली असल्यास जिभेखाली ठेवायची गोळी घ्यावी आणि पाच मिनिटांत आराम न पडल्यास थेट रुग्णवाहिका बोलवावी, हा क्रम वारंवार घोकून घेतला जातो. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे. लैंगिक संबंध पुन्हा केव्हा सुरू करावेत हा प्रश्न बहुतेक रुग्णांच्या मनात असतो, पण तो क्वचितच विचारला जातो. अनुभवी परिचारिका तो रुग्णाने विचारण्याची वाट पाहत नाही.

आहाराबाबत मिठाचा मुद्दा प्रमुख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मराठी घरात केवळ ‘वरून मीठ घेऊ नका’ असे सांगणे अपुरे ठरते, कारण पापड, लोणचे, फरसाण, ठेचा आणि कोकण-गोव्याकडील खारवलेली मासळी यांतून मीठ नकळत पोटात जाते. उपवासाला वापरले जाणारे सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. बाजारात ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. तब्येतीला चांगले म्हणून मुलांनी आणून दिलेले मीठ असे अपायकारक ठरू शकते, हे सांगणारे कोणीतरी असावे लागते.

शिकवण्याचा आशय मात्र कायमचा ठरलेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोडियम-एचएफ या बहुराष्ट्रीय चाचणीत सोडियमचे प्रमाण दिवसाला १,५०० मिलिग्रॅमपेक्षा खाली आणण्याच्या कठोर पथ्याने मृत्यू व रुग्णालयातील दाखल्यांत लक्षणीय घट झाली नाही. सर्वच रुग्णांनी पाणी अगदी मोजून प्यावे या जुन्या सल्ल्याचाही फेरविचार झाला आहे. जुन्या पत्रकाची प्रत वर्षानुवर्षे वाटत राहणे हा या क्षेत्रातील एक परिचित दोष आहे.

शिकवण्याची पद्धत

‘समजले का?’ या प्रश्नाला रुग्ण जवळजवळ नेहमीच ‘हो सिस्टर’ असे उत्तर देतो. म्हणून हा प्रश्न न विचारता, समजलेली गोष्ट रुग्णाकडूनच त्याच्या शब्दांत वदवून घेण्याची पद्धत वापरली जाते. ‘उद्या वजन दोन किलोने वाढलेले दिसले, तर तुम्ही काय कराल?’ असे विचारल्यावर उत्तर अडखळले, तर चूक रुग्णाची न मानता सांगण्याची मानली जाते आणि तो भाग पुन्हा वेगळ्या रीतीने समजावला जातो.

रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस हा शिक्षणासाठी सर्वांत सोयीचा समजला जातो. प्रत्यक्षात तो सर्वांत अडचणीचाही असतो. नातेवाईक बिलाच्या रांगेत असतात, रुग्णाला घराची ओढ लागलेली असते आणि हातात एकाच वेळी आठ-दहा औषधांची चिठ्ठी पडते. त्यामुळे दाखल झाल्यापासून थोडे थोडे शिकवणे, पहिल्या एक-दोन आठवड्यांत फोन करणे आणि पुढील भेटीत तेच मुद्दे तपासणे अशी साखळी परिणामकारक मानली जाते. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती व गोळ्या काढून देणारी व्यक्ती यांना सोबत बसवणेही आवश्यक असते. रुग्ण स्त्री असेल तर अनेकदा या दोन्ही व्यक्ती ती स्वतःच असते आणि तिच्या वजनाची नोंद ठेवणारे घरात दुसरे कोणी नसते.

परिणामकारकता

या शिक्षणाचा सर्वाधिक अभ्यास हृदय अकार्यक्षमतेच्या संदर्भात झाला आहे. मायकेल रिच व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सेंट लुइस येथे सत्तर वर्षे व त्यावरील २८२ रुग्णांवर केलेली चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. परिचारिकेच्या मार्गदर्शनाखालील गटात ९० दिवसांत ५३ वेळा, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ९४ वेळा रुग्ण पुन्हा दाखल झाले. २००१ मध्ये ग्लासगो येथील चाचणीत तज्ज्ञ परिचारिकांनी घरी जाऊन देखरेख केलेल्या गटात मृत्यू किंवा हृदय अकार्यक्षमतेमुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण ३७ टक्के होते. दुसऱ्या गटात ते ५३ टक्के होते. स्वीडनमध्ये अ‍ॅना स्ट्रॉमबर्ग व सहकाऱ्यांनी १०६ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात बारा महिन्यांत परिचारिका-चिकित्सालयाच्या गटात ७, तर दुसऱ्या गटात २० मृत्यू झाले. मिशिगन विद्यापीठात रुग्णाला घरी सोडताना प्रशिक्षित परिचारिकेने घेतलेल्या केवळ एका तासाच्या वैयक्तिक सत्रानेही पुढील सहा महिन्यांत मृत्यू व पुन्हा दाखल होण्याचा एकत्रित धोका घटल्याचे २००५ मध्ये दिसून आले.

याउलट २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील कोच या चाचणीने क्षेत्रातील उत्साहाला लगाम घातला. १,०२३ रुग्णांच्या या अभ्यासात मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ४२ टक्के, परिचारिकेच्या मूलभूत साहाय्यात ४१ टक्के आणि सखोल साहाय्यात ३८ टक्के होते; हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. तेथील नेहमीचे उपचारच चांगल्या दर्जाचे होते आणि त्या गटातील रुग्णही हृदयरोगतज्ज्ञांच्या नियमित देखरेखीखाली होते, असे यावर स्पष्टीकरण दिले जाते. ते ग्राह्य मानल्यास, जेथे नेहमीची देखरेख तुटपुंजी असते तेथेच परिचारिकेच्या शिक्षणाचा लाभ अधिक संभवतो.

दूरध्वनीबाबतचे दोन अभ्यास एकत्र वाचण्याजोगे आहेत. अर्जेंटिनातील १,५१८ रुग्णांच्या डायल चाचणीत प्रशिक्षित परिचारिका एका केंद्रातून रुग्णांशी फोनवर बोलत. तेथे मृत्यूंची संख्या घटली नाही, मात्र हृदय अकार्यक्षमतेमुळे दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १,६५३ रुग्णांच्या चाचणीत ध्वनिमुद्रित प्रश्नांना रुग्णाने फोनची बटणे दाबून उत्तरे द्यावयाची होती. तिचा काहीही लाभ दिसला नाही. दोन्ही अभ्यासांची रचना वेगळी असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही, तरीही ऐकणारे माणूस असण्याचे महत्त्व त्यांतून सूचित होते.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात चित्र अधिक संमिश्र आहे. ईशान्य स्कॉटलंडमधील १९ दवाखान्यांत परिचारिकांनी वर्षभर चालवलेल्या चिकित्सालयांच्या गटात सरासरी ४.७ वर्षांनंतर १००, तर तुलनेच्या गटात १२८ मृत्यू झाले होते. परंतु रुग्णशिक्षणावरील सर्व चाचण्यांचा २०१७ मधील कोक्रेन आढावा केवळ शिक्षणाने मृत्यू घटतात असा निष्कर्ष काढू शकला नाही. व्यायाम, औषधोपचार आणि तंबाखूमुक्ती यांच्या जोडीनेच शिक्षणाचे मूल्यमापन करावे, असे मत त्यामुळे बळावले.

भारतातील स्थिती

भारतात हृदयरुग्णांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र परिचारिका नेमण्याची पद्धत मोजक्या मोठ्या रुग्णालयांपुरती मर्यादित आहे. इतरत्र एकाच परिचारिकेवर अनेक खाटांचा भार असल्याने समजावण्याचे काम सवडीवर ढकलले जाते, आणि सवड क्वचितच मिळते. घरी सोडताना दिले जाणारे डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. ते मराठीत समजावून सांगणे हे अनेक वॉर्डांत परिचारिकेचे अलिखित काम झाले आहे. रुग्णालयाबाहेर मदतनीसांचा उपयोग करण्याचा प्रयोग स्प्रेड या भारतीय चाचणीत झाला. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यातून वाचलेल्या १४ रुग्णालयांतील ८०६ रुग्णांपैकी एका गटाला परिचारिकांऐवजी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी वर्षभर मार्गदर्शन केले आणि त्यांचे औषधपालन सुधारले. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

संधिवाताच्या तापामुळे होणारा झडपांचा विकार हा भारतात या शिक्षणाचा आणखी एक महत्त्वाचा विषय आहे. हा आजार बालपणी सुरू होतो आणि त्याचे परिणाम तरुणपणी, स्त्रियांमध्ये अनेकदा पहिल्या बाळंतपणात, उघड होतात. तो पुन्हा उलटू नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे घ्यावे लागते. इंजेक्शन दुखते, मूल वरकरणी ठणठणीत दिसते आणि शाळा बुडते. त्यामुळे ते मध्येच सोडून दिले जाते. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसोबत नियमित रक्ततपासणी करून घेणे, मेथी-पालकासारख्या पालेभाज्या बंद न करता त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवणे आणि गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटणे या गोष्टी शिकवाव्या लागतात. शेवटची सूचना लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी पोहोचवणे सोपे नसते, कारण पुष्कळदा तिच्या शस्त्रक्रियेची गोष्टच सासरी सांगितलेली नसते.