जागा नाही? नळी जोडा!

मरायला टेकलेल्या हार्डडिस्कची इमेज घ्यायची, पण ठेवायला त्या मशीनवर जागाच नाही! मागे माझ्या लॅपटॉपवर ही वेळ आली. आत पाच वर्षांचे फोटो, बॅकअप शून्य. (आणि आम्ही लोकांना बॅकअपचे धडे देणार!)

वाचवलं ते जुन्या मंडळींनी. बागेतल्या नळ्या जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, असं डग मॅकइलरॉयने १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये केन थॉम्पसनने युनिक्समध्ये 'पाइप' आणला. पुढे १९९२ मध्ये जीझिप आलं, १९९५ मध्ये नेटकॅट. लाइव्ह सीडीवरून बूट करून मी हे सगळं एका ओळीत जोडलं. डीडी डिस्क वाचतं, जीझिप दाबून लहान करतं, नेटकॅट पलीकडच्या मशीनकडे ढकलतं. आजारी डिस्कवर एक बाइटही लिहावा लागत नाही. खराब सेक्टर आला तरी थांबू नकोस, एवढं मात्र डीडीला बजावावं लागतं.

रात्रभर चाललं. दोन-चार फोटो गेले, बाकीचे आले.

असो. तुमचा शेवटचा बॅकअप कधीचा?