घड्याळ कोणापाशी?

भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर कारधा हे गाव आहे. पावसाळ्यात कारध्याच्या पाणीपातळीकडे साऱ्या जिल्ह्याचे लक्ष असते. पण ‘पातळी 245 मीटर’ एवढ्याने काम भागत नाही. ही पातळी किती वाजताची? दोन तासांपूर्वी किती होती? हे कळले तरच पाणी चढते आहे की उतरते आहे आणि किती वेगाने, ते सांगता येते. ऑगस्ट 2020च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले, तेव्हा तासातासाला मोल होते.

दूरच्या मापाला वेळेची जोड कशी द्यायची, हा प्रश्न जुना आहे. बिनतारी संवेदक असलेले अंकीय घड्याळ हे त्याचे आजचे घरगुती उत्तर. त्याआधीची उत्तरे हवामानशास्त्रज्ञांनी शोधली. 1929च्या जानेवारीत फ्रान्समध्ये रोबेर ब्यूरो यांनी आणि 1930च्या जानेवारीत रशियात पावेल मोल्चानोव यांनी फुग्यातून प्रेषक वर सोडला व वरच्या हवेची मापे बिनतारी संदेशाने जमिनीवर मिळवली. हाच रेडिओसाँड.

भारतीय हवामान खात्यानेही 1940च्या दशकात दोन प्रकार घडवले. पुण्याच्या ‘एफ’ प्रकारात फुगा वर चढताना लागणाऱ्या वाऱ्याने छोटा पंखा फिरे व त्यावर संदेशयंत्रणा चाले. दिल्लीच्या ‘सी’ प्रकारात हे काम घड्याळाची चावी करी. म्हणजे एकात घड्याळ जमिनीवरच राही, तर दुसऱ्यात ते फुग्याबरोबर आकाशात जाई.

आजच्या घरगुती संचात काय असते? बाहेरच्या डबीत तापमानानुसार रोध बदलणारा थर्मिस्टर असतो. त्यावरून मिळालेला आकडा साधारण 433 मेगाहर्ट्झच्या लहरींवर ठराविक अंतराने पाठवला जातो. डबीला बहुधा वेळ ठाऊक नसते. ती जोडतो घरातला क्वार्ट्झ स्फटिक. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो, तोच आपला सेकंद!

तेव्हा घरातले घड्याळ चुकले, तर बाहेरच्या साऱ्या नोंदी चुकतात. युरोपासाठी बनलेली अशी घड्याळे जर्मनीतील 77.5 किलोहर्ट्झच्या वेळसंकेतावरून आपोआप जुळतात. तो संकेत सुमारे 2,000 किलोमीटरपर्यंत पोचतो. कारध्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून संकेतशोध बंद करून वेळ हाताने लावावी. आधी संवेदकात व मग घड्याळात बॅटरी घालावी. दोन्ही जवळ ठेवून बाहेरचा आकडा उमटेपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच संवेदक सावलीत, हवेशीर जागी टांगावा. मध्ये लोखंडी दार किंवा जाड भिंत आली, तर संदेश क्षीण होतो.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. दिवसभर दर तासाला तापमान नोंदवून घ्यावे. मग वेळेचा रकाना झाकून विद्यार्थ्यांना विचारावे : ऊन केव्हा वाढले, केव्हा उतरले? उत्तर देता येणार नाही. नदीकाठच्या मुलांना त्या झाकलेल्या रकान्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.