खून कोणाचा, कथा कोणाची? : 'लॉरा' (१९४४) या चित्रपटाचे आकर्षण

खूनकथेचे आकर्षण 'खून कोणी केला?' या प्रश्नात असते, असे सामान्यतः मानले जाते. हे मत पूर्णतः खरे असते, तर गुन्हेगाराचे नाव एकदा कळल्यानंतर ती कथा पुन्हा वाचण्याचे वा पाहण्याचे प्रयोजन उरले नसते. प्रत्यक्षात मात्र काही खूनकथा, रहस्य उलगडलेले असतानाही, पिढ्यानपिढ्या पाहिल्या जातात. ओटो प्रेमिंजर दिग्दर्शित 'लॉरा' हा १९४४ मधील अमेरिकन चित्रपट अशांपैकी एक होय. त्याच्या टिकाऊ आकर्षणाचे मूळ कशात आहे, याचा शोध त्याच्या निर्मितीच्या इतिहासाच्या आधारे घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

'फिल्म न्वार' ही संज्ञा ज्या चित्रपटांना पुढे लावली गेली, त्यांच्या कर्त्यांना ती ठाऊक नव्हती. जर्मन अंमलाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपटांना बंदी होती. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यात, साचून राहिलेले अनेक चित्रपट पॅरिसमध्ये एकापाठोपाठ एक झळकले. 'द माल्टीज फाल्कन', 'डबल इन्डेम्निटी', 'मर्डर, माय स्वीट' आणि 'लॉरा' हे त्यांतले प्रमुख. वर्षांच्या अंतराने निघालेल्या या कृती एकत्र पाहिल्यामुळेच त्यांच्यातील साम्य तेथील समीक्षकांच्या ध्यानात आले. नीनो फ्रांक यांनी ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांच्यासंबंधी लिहिताना 'न्वार', म्हणजे 'काळा', हे विशेषण वापरले. गुन्ह्याच्या उकलीपेक्षा माणसांच्या अंतरंगाकडे वळलेली ही नवी पोलिसी कथा आहे, अशी त्यांची धारणा होती. 'लॉरा'ला ही धारणा नेमकी लागू पडते.

चित्रपटाचा आधार असलेली कादंबरी व्हेरा कास्पारी (१८९९–१९८७) या लेखिकेची. ती १९४२ मध्ये 'कोलिअर्स' या नियतकालिकातून क्रमशः आणि १९४३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कास्पारी यांनी तरुणपणी जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचे काम केले होते. त्यांची नायिका लॉरा हंटही जाहिरात-व्यवसायात स्वतःच्या बळावर वर आलेली स्त्री आहे. कादंबरीची रचना अनेक निवेदकांची आहे. विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन'पासून (१८६८) इंग्रजी रहस्यकथेला परिचित असलेली ही रीत कास्पारी यांनी एका विशिष्ट हेतूने योजली. प्रथम स्तंभलेखक वॉल्डो लायडेकर बोलतो, मग पोलीस अधिकारी मार्क मॅक्फर्सन. आणि पुढे लॉरा स्वतः निवेदन हाती घेते. पुरुषांच्या बोलण्यातून उभी राहिलेली लॉरा आणि स्वतःच्या शब्दांतली लॉरा यांतील अंतर वाचकाला मोजता यावे, अशी ही योजना आहे.

चित्रपटात हे निवेदन लॉराकडून काढून घेतले गेले. तेथे निवेदक एकच आहे : वॉल्डो. लॉरा मेली त्या शनिवार-रविवारची आठवण सांगत त्याचा आवाज चित्रपटाला आरंभ करतो आणि तिला खऱ्या अर्थाने ओळखणारा आपण एकटाच, असा दावा मांडतो. त्या वेळी कॅमेरा त्याच्या घरातील काचेच्या कपाटांवरून आणि मौल्यवान वस्तूंवरून संथपणे फिरत असतो. लॉरा ही वॉल्डोच्या संग्रहातील एक वस्तू आहे, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. पण ते दिसते.

कथानक थोडक्यात असे : लॉराच्या घराच्या दारात एका स्त्रीचे प्रेत सापडले आहे. बंदुकीच्या छर्‍यांनी चेहरा ओळखू येण्यापलीकडे गेला आहे. मॅक्फर्सन तपासाला येतो. वॉल्डो, लॉराचा वाग्दत्त वर शेल्बी कार्पेंटर आणि त्या शेल्बीवर जीव असलेली लॉराची आत्या अ‍ॅन ट्रेडवेल हे संशयित. जो तो आपापली लॉरा सांगतो. मॅक्फर्सन तिची पत्रे वाचतो, रोजनिशी वाचतो, तिच्या दिवाणखान्यात रात्री एकटा बसून राहतो आणि भिंतीवरील तिच्या तसबिरीखाली खुर्चीत झोपी जातो. दार उघडते आणि लॉरा आत येते. ती मेलेलीच नाही. चार दिवस ती खेडेगावातल्या घरी होती. मेली ती डायन रेडफर्न नावाची दुसरीच मुलगी.

रहस्यकथेच्या नियमांनुसार पाहता हा धाडसी प्रकार आहे. ज्या खुनाचा तपास अर्धा चित्रपट चालला, तो खून झालेलाच नव्हता! प्रेत, संशयित आणि हेतू यांची सारी मांडणी एका क्षणात कोलमडते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथा वाचलेल्या मराठी वाचकाला नायकाने परिस्थितीवर मात करावी, याची सवय असते. येथे परिस्थितीच नायकाच्या हातून निसटते; कारण तो आता तपासी अधिकारी राहिलेला नसून प्रेमिक झाला आहे, आणि त्याची प्रिया मृताऐवजी संशयित ठरली आहे.

या प्रेमाची घडण साहित्याच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटावी अशी आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त पूर्वरागाची, म्हणजे मीलनापूर्वीच्या अनुरागाची, कारणे सांगताना श्रवण आणि दर्शन असे दोन मार्ग सांगितले आहेत. दूत, सखी इत्यादींच्या मुखातून गुण ऐकणे हे श्रवण. चित्रात, स्वप्नात, इंद्रजालात किंवा प्रत्यक्ष पाहणे हे दर्शन. मॅक्फर्सनचा प्रवास जणू याच क्रमाने होतो : आधी वॉल्डोच्या तोंडून श्रवण, मग तसबिरीचे दर्शन, मग झोप, आणि अखेरीस साक्षात लॉरा. झोप आणि आगमन यांच्या या सान्निध्यामुळे चित्रपटाचा उत्तरार्ध हे मॅक्फर्सनचे स्वप्नच आहे, असा अर्थही काही अभ्यासकांनी लावला आहे. कालिदासाचा अग्निमित्र मालविकेला प्रथम चित्रातच पाहतो; परंतु ती जिवंत आहे, राजवाड्यातच आहे. मॅक्फर्सनचा पूर्वराग मृत मानलेल्या स्त्रीविषयी आहे. तिच्याकडून नकार येण्याचा संभव नाही, उत्तर येण्याचाही नाही. या प्रेमाची सोय आणि त्याचे भय दोन्ही त्यातच आहेत.

चित्रपटाच्या निर्मितीत घडलेल्या काही गोष्टींनी हाच धागा बळकट केला. ट्वेंटिएथ सेंचुरी-फॉक्सचे डॅरिल झॅनक यांनी आरंभी दिग्दर्शन रूबेन मामुलियन यांच्याकडे सोपवले होते. प्रेमिंजर केवळ निर्माते होते. चित्रीकरण सुरू झाल्यावर मामुलियन यांना दूर करण्यात आले. त्यांच्या पत्नीने रंगवलेली लॉराची तसबीर प्रेमिंजर यांनी बाजूला ठेवली आणि जीन टिअर्नी या अभिनेत्रीचे छायाचित्र मोठे करून त्यावर रंगाचा हात फिरवून घेतला. म्हणजे ज्या चित्रावर मॅक्फर्सन भाळतो, ते चित्र नसून चित्राचा आभास देणारे छायाचित्र आहे.

संगीताचेही तसेच. प्रेमिंजर यांना ड्यूक एलिंग्टन यांची 'सोफिस्टिकेटेड लेडी' ही प्रसिद्ध धून हवी होती. डेव्हिड रॅक्सिन यांनी तिला विरोध केला आणि शनिवार-रविवारच्या मुदतीत स्वतःची धून रचली. ती तबकडीवर वाजते, उपाहारगृहातील वादक ती वाजवतात, पार्श्वसंगीतातही तीच येते. लॉरा पडद्यावर नसते तेव्हा ही धून तिची जागा घेते. जोसेफ लाशेल यांच्या छायालेखनाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यातील चौकशीचा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मॅक्फर्सन लॉराला पोलीस ठाण्यात नेऊन तिच्या तोंडावर प्रखर दिवे रोखतो, आणि थोड्याच वेळात ते विझवतो. काळोखाची कला म्हणून गणल्या गेलेल्या या चित्रपटप्रकारात येथे क्रौर्य उजेडाचे आहे आणि विश्वास अंधारात जन्मतो.

वॉल्डोच्या भूमिकेसाठी लेअर्ड क्रेगार या नटाचे नाव पुढे आले होते. परंतु तो खलभूमिकांसाठी ओळखला जात असल्याने प्रेक्षक त्याच्यावर पहिल्यापासून संशय घेतील, असे प्रेमिंजर यांचे म्हणणे होते. त्यांनी रंगभूमीवरील क्लिफ्टन वेब यांचा आग्रह धरला. परिणामी पाल्हाळिक, विनोदी, तिखट जिभेचा हा निवेदक प्रेक्षकाला आवडू लागतो. आणि निवेदक आवडला की त्याच्या शब्दांवर विश्वास बसतो.

शेवट याच विश्वासावर आघात करतो. डायनला लॉरा समजून गोळी घालणारा वॉल्डोच होता; लॉरा दुसऱ्याची होणार, हे त्याला असह्य होते. लॉराच्या घरातील, त्यानेच दिलेल्या उंच घड्याळाच्या पोटात बंदूक लपवलेली आहे. अखेरच्या प्रसंगी तो मागच्या दाराने परततो. रेडिओवर त्याचेच आधी ध्वनिमुद्रित केलेले, प्रेमाच्या चिरंतनत्वावरचे भाषण चालू आहे, आणि तो स्वतः शेजारच्या खोलीत बंदूक भरतो आहे. आवाज एकीकडे, हात दुसरीकडे. येथे चित्रपटाच्या आरंभाचा उलगडा होतो. मृत स्त्रीची कथा सांगणारा जिवंत पुरुष आपण ऐकत आहोत, असे आपल्याला वाटत होते. पण पोलिसांच्या गोळीने वॉल्डो मरतो आणि लॉरा जगते. आपण ऐकली ती जिवंत स्त्रीविषयी मृत पुरुषाने सांगितलेली कथा होती. शेवटच्या दृश्यात फुटलेली तबकडी असलेले घड्याळ आहे आणि निरोपाचा आवाज वॉल्डोचाच. निवेदन तो मरतानाही सोडत नाही.

मग या चित्रपटाचे आकर्षण ते कोणते? माझ्या मते ते दुहेरी आहे. शब्द, चित्र आणि सूर यांच्या साहाय्याने अनुपस्थित व्यक्ती निर्माण करण्याची कलेची शक्ती तो आपल्याला भोगू देतो, आणि त्या भोगातील हिंसाही दाखवतो. वॉल्डो आणि मॅक्फर्सन यांच्यात खुनी व तपासी असा भेद असला, तरी दोघांनीही लॉराला तिच्या गैरहजेरीत घडवले आहे. प्रेक्षकही त्यांच्यासोबत असतो.

याचा सर्वांत कठोर पुरावा म्हणजे डायन रेडफर्न. खून तिचा झाला. पण कथा तिची नाही. तिची तसबीर नाही, धून नाही, चेहराही नाही. शेल्बीने तिला लॉराच्या अनुपस्थितीत त्या घरी आणले होते, यापलीकडे तिच्याविषयी फारसे कळत नाही. लॉरा जिवंत असल्याचा आनंद इतका दाट आहे की कोणी तरी खरोखरच मेले आहे, हे पात्रे विसरतात, आणि आपणही. प्रेमिंजर यांना हे अभिप्रेत होते की नव्हते, हा प्रश्न गौण आहे. कृतीत ते आहे.

हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८) मृत मानलेल्या स्त्रीला पुन्हा घडवू पाहणाऱ्या पुरुषाची हीच व्यथा अधिक भेदकपणे मांडतो. १९९० मधील 'ट्विन पीक्स' या दूरचित्रवाणी मालिकेतील मृत मुलीचे नाव लॉरा, आणि तीत वॉल्डो नावाचा बोलणारा पक्षीही आहे. त्या मालिकेत मात्र मृत मुलीचे दुःख करणारे एक संपूर्ण गाव आहे. 'लॉरा'त ज्या शोकाला जागा मिळाली नाही, त्याला अशी जागा मिळण्यास जवळजवळ अर्धशतक जावे लागले. खूनकथेचा इतिहास लिहिताना खुन्यांची आणि तपास करणाऱ्यांची नोंद आपण नेहमीच करतो. ज्यांच्या मृत्यूवर ही कथा उभी असते, त्यांचीही नोंद ठेवली पाहिजे.