'बाँबे' रक्तगट आणि 'एच' जनुक
इ. स. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील एक नवा रक्तगट 'लॅन्सेट'मध्ये नोंदविला. नेहमीच्या परीक्षेत हे रक्त 'ओ' ठरे. परंतु त्याचा रक्तरस 'ओ' पेशींचेही समूहन घडवी. सर्वांना चालणारे मानलेले 'ओ' रक्त या व्यक्तींना प्राणघातक ठरू शकते. १९५५ मध्ये अमेरिकेत लेव्हाइन यांना अशाच एका स्त्रीच्या अपत्यात मातेकडून आलेला 'बी' गुण आढळला. म्हणजे मातेत 'बी' जनुक होते, पण अव्यक्त होते. 'एच' हा पायाच नसेल, तर 'बी'ची शर्करा जोडली जाणार कशाला? हा पाया रचणाऱ्या विकराचे जनुक १९९० मध्ये विलग झाले. रक्तपरीक्षेतील एक विसंगती अशा रीतीने जनुकांच्या परस्परावलंबनाचा पुरावा ठरली.