आत्याच्या ट्रंकेतला घरफाळा

चिकोडीतलं आमचं पेठेतलं घर विकायचं ठरलंय. ते आवरताना आत्याची पत्र्याची ट्रंक उघडली. वाटलं, लुगडी निघतील. निघाल्या घरफाळ्याच्या पावत्या, वर्षवार सुतळीनं बांधलेल्या. खालच्या मुंबई राज्यातल्या, मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्यानंतरच्या हळूहळू कानडीत. १९७३ नंतर वर ‘कर्नाटक’. राज्य बदललं, भाषा बदलली, पण रक्कम बरीच वर्षं तीच! बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला असं दिसलं की झोप लागत नाही, म्हणून हे लिहितोय.

कारण सोपं होतं. तेव्हा घराची किंमत कोणी बघतच नव्हतं. हे घर वर्षभर भाड्यानं दिलं तर रास्त भाडं किती येईल, एवढाच प्रश्न. १९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्यातली ही पद्धत, मूळ इंग्लंडची. पुढे म्हैसूरच्या १९६४ च्या कायद्यातही पाया भाड्याचाच राहिला. आत्याच्या दोन खोल्यांत एक शिंपी राहायचे, भाडं महिना १२ रुपये. वर्षाचे १४४, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा, राहिले १२९ रुपये ६० पैसे. त्यावर पालिकेनं ठरवलेला टक्का. झालं.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मूल्यांकन म्हणजे कर नव्हे. पालिकेला दिवाबत्ती, गटारी, नोकरांचे पगार यासाठी पैसा लागतो. तो कुणी किती द्यायचा, हे मूल्यांकनावरून ठरतं. समजा सगळ्या गावाची मूल्यं दुप्पट झाली आणि टक्का निम्मा केला, तर कुणाचीच पावती बदलत नाही. पण निपाणीची तंबाखूची वखार आणि विधवेच्या दोन खोल्या यांच्यातलं प्रमाण चुकलं, की एकाचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर. म्हणून तर चार वर्षांतून एकदा तरी आकारणी यादी नव्यानं करायची आणि लोकांच्या हरकती ऐकायच्या, अशी कायद्यात सोय होती.

भाडी मात्र गोठली. भाडेनियंत्रणाच्या काळात जुन्या भाडेकरूला वाढ सांगायची कुणाची छाती होती? त्यात १९७९ च्या अखेरीस दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, जिथे भाडेनियंत्रण लागू आहे तिथे करासाठी धरलेलं मूल्य प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. त्याच वर्षी कर्नाटकात जकात बंद झाली होती. म्हणजे पालिकेची एक थैली गेली आणि दुसरीचं तोंड शिवलेलं. (इंग्लंडला हसायला नको का? तिथे कौन्सिल टॅक्ससाठी आजही घराची १९९१ ची किंमत धरतात, काल बांधलेल्या घराचीसुद्धा.)

२००२ मध्ये सगळं उलटं झालं. आता भाडं नाही, भांडवली मूल्य. सबरजिस्ट्रारकडे जागेचा जो सरकारी दर असतो, आपण ज्याला गाइडन्स व्हॅल्यू म्हणतो, तो धरायचा. त्यात बांधकामाची किंमत, वयाप्रमाणे घसारा वजा. आणि हिशेब मालकानं स्वतः करून द्यायचा. फॉर्म कानडीत. मला कानडी लिहिता येतं, म्हणून आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी आठ-दहा माणसं बसलेली असायची. “साहेब, बांधकामाचं वर्ष जरा मागं न्या की.” “मागची पडवी कशाला दाखवायची?”

मी कुणाला उपदेश केला नाही, कारण मी स्वतः कोण होतो? बँकेत घरतारणाच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. कर्ज हवं तेव्हा घर दहा लाखांचं, खरेदीखतात पाच लाखांचं, आणि घरफाळ्याला म्हणजे नुसता गोठा! घर तेच, सही त्याच माणसाची. आमच्या फॉर्मवर मीही १९९५ ला चढवलेला वरचा मजला सोडून दिला होता.

आत्या चौथी शिकलेली. तिनं मापं वाचून दाखवायला सांगितली. ऐकून म्हणाली, “आणि वरचं रे? ते काय वाऱ्यावर उभं हाय?” मी म्हटलं, “आत्या, फाळा तूच भरतेस. जागा पेठेतली, दर चढा. शिंपीमामांचं भाडं साठ रुपये.” खरंच, नव्या हिशेबानं तिचा वर्षाचा घरफाळा सहा महिन्यांच्या भाड्याएवढा होत होता. बाजारात घर लाखाचं झालं म्हणून तिच्या डब्यात लाख रुपये येत नव्हते. नव्या पद्धतीचा हा दोष मला आजही खटकतो. भाड्याची पद्धत निदान हातात काय येतं ते तरी बघायची.

“जे हाय ते लिव,” ती म्हणाली. मी लिहिलं. पुढे दर तीन वर्षांनी निदान पंधरा टक्के वाढ आली. तिनं शिंपीमामांचं भाडं वाढवलं नाही, पेन्शनीतून भरलं. माझ्याकडून एकदाही घेतलं नाही.

आता ई-खात्याशिवाय खरेदी नोंदवत नाहीत. २००२ च्या फॉर्मची कार्बन कॉपी ट्रंकेच्या तळाशी सापडली. पहिला मजला, दुसरा मजला, पडवी, सगळं जिथल्या तिथे, माझ्या अक्षरात. गिऱ्हाईकाच्या वकिलानं मापं ताडून बघितली, एक फूट इकडे-तिकडे नाही.

कुणाकडे १९५६ च्या आधीच्या चिकोडी-निपाणीच्या पावत्या असतील तर फोटो जरूर टाका.