दगडू, दया पवार आणि कौआई बेटावरची मुले

पुसदला लागून असलेल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांचा इतिहास बहुधा याच घटनेपासून सांगितला जातो. पुढे यवतमाळ जिल्ह्यात अशी कितीतरी घरे झाली, जिथे बाप गेला आणि मुले मागे राहिली. २००५ च्या सुमारास तिसरी-चौथीत असलेली ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत आणि त्यांतील काहींची मुले आपल्या वर्गात बसतात. मनावरच्या आघातांविषयी बोलताना आपल्या डोळ्यांसमोर वर्गातले मूल असते. पालकसभेला आलेले 'मूल' आपल्याला दिसत नाही. लहानपणचा घाव मोठेपणी भरून येतो का, हा प्रश्न त्याचा आहे. विज्ञानानेही तो जरा उशिराच विचारला.

१९५१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. महायुद्धात बेघर झालेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा युरोपापुढे होता. लहानपणी मायेला पारखे झालेल्या मुलांच्या मनावर त्याचा परिणाम दीर्घकाळ राहतो, असे त्यांनी मांडले. त्याचा फायदा झाला. आजारी मुलाजवळ रुग्णालयात आईला राहू द्यावे, हा आग्रह वाढला. पण सुरुवातीच्या वर्षांत जे मोडले ते मोडलेच, अशी समजूतही त्यातून घट्ट झाली. कच्च्या मडक्याचा दाखला आपल्याकडे होताच.

ही समजूत तपासायची तर एकाच पिढीला जन्मापासून मोठेपणापर्यंत पुन्हा पुन्हा भेटावे लागते. असे काम हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर झाले. १९५५ मध्ये तेथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक संकटे एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले उत्तम निभावून गेली. हा निष्कर्ष फार गाजला. या मुलांनी आपल्याला आधार देणाऱ्यांमध्ये एखाद्या शिक्षकाचे नाव अनेकदा घेतले, म्हणून शिक्षकांच्या सभांत तो सांगायलाही बरा वाटतो.

मला मात्र उरलेल्या दोन तृतीयांश मुलांची हकिगत अधिक मोलाची वाटते. त्यांतील पुष्कळ जण अठराव्या वर्षी अडचणीत होते. कोणाचे शिक्षण बिघडलेले, तर कोणी पोलिसांपर्यंत पोचलेले. पण बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी भेटले तेव्हा त्यांतील बहुतेक सावरलेले होते. सैन्यातील नोकरी, मोठेपणी पुन्हा धरलेले शिक्षण, समजूतदार जोडीदार, श्रद्धेने बांधलेला एखादा समुदाय अशी त्यांची कारणे होती. मानसोपचार घेतलेले त्यांत थोडेच होते.

मग सावरणे म्हणजे विसरणे का? अमेरिकेत बर्कली येथे मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या आईवडिलांना स्वतःच्या बालपणाविषयी विचारले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात, काय घडले यापेक्षा ते कसे सांगितले जाते याकडे लक्ष दिले होते. कोणी 'सगळे छानच होते' म्हणून विषय उडवून लावी, पण एकही आठवण नेमकी सांगू शकत नसे. कोणी सांगता सांगता जुन्या रागातच अडकून पडे. काहींनी मात्र दुःखाचे बालपणही सलग आणि शांतपणे सांगितले. त्यांची मुले त्यांच्याजवळ अधिक निर्धास्त असत. पुढच्या अभ्यासांत हा संबंध सुरुवातीला वाटला तेवढा पक्का दिसला नाही, तरी तो टिकला.

मराठी वाचकाला हे अगदीच नवे वाटू नये. याच्या सात वर्षे आधी, १९७८ मध्ये, 'बलुतं' प्रसिद्ध झाले होते. दया पवारांचे पाळण्यातले नाव दगडू. पुस्तकात दगडू बोलतो आणि शिकून शहरात स्थिरावलेला दया पवार ऐकतो. मुंबईचा कावाखाना, गावचा महारवाडा, बापाचे व्यसन, शाळेतील अपमान, सारे त्या बोलण्यात येते. या पुस्तकाने लेखकाची जखम भरली, असे कोणी म्हणू नये; जातीने दिलेली जखम एकट्याच्या मनात नसते, ती एकट्याने भरतही नाही. उलट घरचे उघड्यावर मांडले म्हणून त्यांच्याच समाजातील काही शिकलेले लोक नाराज झाले. पण सांगण्याची वाट मोकळी झाली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये, तर किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आले.

लिहिण्याचा परिणाम १९८६ मध्ये प्रयोगानेही तपासला गेला. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे स्वतःच्या आघाताविषयी लिहायला लावले. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिकच वाईट वाटले. पुढच्या काही महिन्यांत मात्र आरोग्यकेंद्राच्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या शेकडो प्रयोगांवरून हा परिणाम खरा पण लहान असल्याचे दिसते. म्हणून वर्गात 'माझे दुःख' असा निबंध घालण्याचा उत्साह कोणी करू नये. सक्तीने वदवून घेतलेली आठवण उपकारक ठरते, याला आधार नाही.

२०१५ मध्ये राज्य शासनाने यवतमाळसह चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' हा समुपदेशन प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा आहे. दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. पालकसभेच्या सूचनाफलकावर हा क्रमांक लिहायला एकच ओळ लागते.